सरस्वतीबाई आणि फसलेलं रक्त

वडनेर भोलजीत बैलाच्या पायाला काही झालं तर माणसं आमच्या दारात येत, आणि खांद्याला काही झालं तर शेजारच्या. आमच्या दारात माझे अब्बा, गुलाम रसूल, बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकत. शेजारच्या दारात सरस्वतीबाई जुवाखाली सोललेले, सुजलेले खांदे बरे करत. "खालचा बैल माझा, वरचा बाईचा," असं अब्बा नव्या गिऱ्हाइकाला सांगत. त्यावर भिंतीपलीकडून उत्तर येई, "अन् मधलं पोट मालकाचं. त्याले म्हणा, ते बी भरत जाय."

हे काम बायकांचं नाही. सरस्वतीमावशींना ते वडिलांकडून आलं. मोतीरामबुवांना मुलगा नव्हता, आणि ही मुलगी लहानपणापासून बैलांच्या पायात खेळलेली. लग्न होऊन वडनेरला आल्या तेव्हा सासऱ्यांना हे पसंत नव्हतं. पण एकदा त्यांच्याच बैलाचा खांदा फुटला, सुनेनं तो बरा केला, आणि पुढं सासरेच लोकांना घरी बोलवायला लागले.

औषध काही गुपित नव्हतं. कडुलिंबाच्या पाल्याचं कोमट पाणी, हळद, लोणी, आणि बैलाला सक्तीची सुट्टी. खरी कला वेगळी होती. दुखऱ्या खांद्याला बैल हात लावू देत नाही, शिंग फिरवतो. मावशी त्याच्या कानाजवळ जात, जीभ डाव्या गालात वळवत आणि चुचकारत. चुचकारतात सगळेच. पण मावशींचा आवाज खोल, ओला, पाण्याच्या पितळी गुंडात वरून थेंब पडावा तसा. दोनचारदा तो आवाज झाला की बैलाचे कान सैल पडत आणि मान खाली येई. पत्री ठोकताना एखादा मस्तवाल बैल पाडताच येईना, तर अब्बाही हाक मारत, "बाई, जरा तुमचा बाजा वाजवा."

बीटी कपाशी आली तेव्हा गावात बैल भरपूर होते. पहिली काही वर्षं बोंडांनी झाडं वाकली. मग फवारण्या वाढल्या, खतं वाढली, पाऊस दोनदा दगा देऊन गेला, देणी फेडायला बैल विकले गेले आणि एकेक दावण रिकामी झाली. उरलेल्या मोजक्या जोड्यांवर साऱ्या शिवाराची डवरणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली कोळपणी, येऊन पडली. ज्याच्याकडे जोडी त्याला दिवसभर हाका, आज याच्या वावरात, उद्या त्याच्या. म्हणून गंमत अशी झाली की गावातले बैल कमी झाले आणि मावशींचं काम वाढलं.

येईल त्या मालकाला त्या एक धडा देत. "पांढरं दिसलं तं घाबराचं. लाल दिसलं तं हासाचं." पांढरं म्हणजे पू किंवा मेलेली कातडी. लाल म्हणजे नवं मांस. खांद्याच्या खळग्यात डाळिंबाच्या दाण्यासारखं लालभडक मांस वर येऊ लागलं, बोट लागताच किंचित रक्त आलं, की मावशी मालकाला म्हणत, "जाय, आता हा वाचला." हा नियम त्यांच्या वडिलांचा होता आणि तो कधी चुकला नव्हता.

मी तेव्हा अकोल्याला एका लॅबमध्ये टेक्निशियन होते. ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यांचे पातळ काप करायचे, रंगवायचे आणि काचेवर चढवून डॉक्टरांपुढं ठेवायचे, हे माझं काम. माझी मावसबहीण शाइस्ता हिच्या लग्नासाठी उन्हाळ्यात घरी आले होते. आमच्या ओसरीत बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या. जेवणं झाली. मावशींनी रस्सा बाजूला सारून नुसता दहीभात खाल्ला. ज्या बाईनं आमच्या घरी येऊन "मिरच्या संपल्या का तुमच्या?" असं दर वेळी विचारावं, तिनं दहीभात खाल्लेला मला चमत्कारिक वाटला.

"तिखट काऊन नाई खाल्लं, मावशी?"

"थोडं झोंबते. पण आता भरून येऊन राह्यलं," त्या आनंदानं म्हणाल्या. "कितीक वर्सं गालात पांढरा चट्टा होता. संक्रांतीपासून लाल झाला पाह्य. मस्त लाल."

मावशी तंबाखू-चुन्याची चिमूट डाव्या गालात धरत. गावातल्या निम्म्या बायका धरतात. मी मोबाइलचा उजेड पाडून पाहिलं. चट्टा मखमलीसारखा लाल होता, नखाएवढा, आणि कडेला थोडा टणक. मी कापसाचा बोळा हलकाच टेकवला तर त्यावर रक्ताचा ठिपका आला.

"पाह्यलं?" मावशी म्हणाल्या. "रक्त धरलं त्यानं."

मी सांगितलं की अकोल्याला चला, तुकडा तपासू. त्या हसल्या. मी पुन्हा सांगितलं, जरा घाबरवून. तेव्हा हसू गेलं. "नाजिश, तू काचेवरचं पाह्यते. मी जित्त्यावरचं पाह्यते. जखमेचं मले शिकवू नको, माय." आणि सूप उचलून त्या निघाल्या. दारापाशी थांबून आणखी एक बोलल्या, ते मात्र हळू आवाजात. "अन् त्यायनं तोंड कापलं तं? मी चुचकारू कायनं?"

खरी भीती ती होती. औषध कोणीही लावेल. तो आवाज गेला तर बैल जवळ येऊ देणार नाही, आणि बैलाशिवाय सरस्वतीबाई म्हणजे नुसती शेजारीण. त्या दिवशी मला हे नीट कळलं.

रात्री मी अब्बांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मावशींना भिंतीवरून हाक मारली. मावशी आल्या, सून रुपालीही मागोमाग आली. अब्बा पत्र्या घासत होते. मान वर न करता म्हणाले, "बाई, एक विचारतो. आपल्या आळीतल्या निवृत्तीच्या बैलाच्या खांद्यात संक्रांतीले लाल मांस आलं. आता लगनसराई आली. अजून तेवढंच लाल. वरून कातडी नाही धरली, कड टणक. तुम्ही काय म्हणाल?"

"निवृत्तीच्या बैलाले काय झालं?" मावशी दचकल्या.

"काही नाही झालं. समजा."

"समजा कायले. इतके दिस लाल राहूच नाई शकत. लाल झालं की कडेनं कातडी सरकत येते. नाई आली तं आत काही राह्यलं असते. काटा, नाई तं जुवाची ढलपी. ते काढल्याबिगर—"

त्या थांबल्या. अब्बांनी कानस खाली ठेवली. "मग आज बैल तुम्ही आहात असं समजा. शिंग नका मारू फक्त."

रुपालीला हसू आवरेना. मावशी मात्र ओसरीच्या कडेला बसल्या आणि त्यांनी बोटानं गाल बाहेरून चाचपला. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "बरं, काचवाले. माह्या गालात काय राह्यलं, सांग."

आदल्या दिवशी मी त्यांना घाबरवलं होतं. आज नुसतं सांगायचं ठरवलं.

"बाहेरचं काही नाही राह्यलं, मावशी. तिथल्याच काही पेशी बिघडल्या असतील. आंग ज्यायनं बनते ते बारीक कण. त्या थांबतच नाहीत, वाढतच जातात. खसखशीच्या दाण्याएवढा गोळा झाला की मधल्यायचा जीव गुदमरते. रक्त पोचत नाही, हवा पोचत नाही. मग त्या एक निरोप सोडतात."

"कोनाले?"

"जवळच्या रक्ताच्या बारीक नळ्यांले. निरोप म्हणजे एक रस. तो रस नळीले लागला की नळीच्या आंगाले कोंब फुटते. अन् निरोप जिकडून आला तिकडं तो कोंब सरकत जाते. त्याले पुन्हा फांद्या. असं करत नळ्यांचं जाळं होते, रक्त तिथं जाते, गोळा पोसला जाते. म्हणून लाल दिसते. अन् ह्या नळ्या घाईघाईनं बनलेल्या, कच्च्या, गळक्या. म्हणून बोळा लावला की रक्त."

मावशींनी हे सगळं डोळे बारीक करून ऐकलं. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मी शिकताना कधी विचारला नव्हता. "पण रक्त तं माह्यं हाये. नळ्या माह्या. त्या बिघडलेल्या पेशीचं त्या काऊन ऐकतात?"

"कारण जखम झाली की ती बी हाच निरोप सोडते. तुम्ही बैलाच्या खांद्यात जे लाल मांस पाहता, ते ह्याच निरोपानं येते. जखम भरली की निरोप थांबते. हा थांबत नाही. तुमच्या रक्ताले वाटते की गालात जखम हाये, लवकर पोचलं पाहिजे."

"म्हणजे," मावशी सावकाश म्हणाल्या, "लाल पाहून मी फसली. अन् निरोप ऐकून रक्त बी फसलं."

"हाव."

"जखम समजून?"

"हाव, मावशी. जखम समजून."

त्या हसायला लागल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. "रसूलभाऊ, ऐकलं का? इतकी वर्सं जखमा पाह्यल्या अन् आपल्याच तोंडात येडी ठरली, म्हणून मले आत्ता लाज वाटून राह्यली होती. आता हे म्हणते, रक्त बी येडंच."

"घराणंच तसं," अब्बा म्हणाले.

"तुमच्या पत्र्या निघतात तेव्हा मी काही बोलते का?"

"रोज बोलता."

मावशींनी डोळे पुसले. "चाल पोरी, अकोल्याले. पन डॉक्टरले मी एक गोष्ट विचारीन. तू मधात बोलू नको."

ती गोष्ट त्यांनी तपासणीच्या खोलीत विचारली, किंवा खरं तर वाजवून दाखवली. डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे. मावशी त्यांना म्हणाल्या, "असं येईन का नंतर?" आणि जीभ गालात वळवून चुचकारल्या. बाहेर बाकावर बसलेली माणसं दारातून डोकावली. एका आजोबांनी तर आत येऊनच विचारलं, "कोन्या गावची हो तुम्ही? अशी हाक आमच्या बापानंतर ऐकली नाही." डॉक्टरांनी आजोबांना बाहेर बसवलं आणि मावशींना पुन्हा आवाज करायला लावला. ह्या वेळी गालाला बोट लावून.

"जिभेला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "पण तुकडा तपासून रोग निघाला तर गालाचं आतलं अस्तर काढावं लागेल आणि तिथं मांडीची कातडी बसवावी लागेल. ती आखडते. व्यायाम केला तर तोंड उघडेल. हा आवाज येईल की नाही, मी सांगू शकत नाही."

"खोटं नाही बोलले, हे बरं केलं," मावशी म्हणाल्या आणि बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी पदराच्या गाठीतली तंबाखूची पुडी सोडून रुपालीच्या हातात दिली. "टाकून दे. अन् टाकताना मले दाखवू नको."

तपासणीचा तुकडा आमच्याच लॅबमध्ये आला. काप मीच केले. रक्तवाहिन्या तपकिरी दिसाव्यात म्हणून एक खास रंग असतो. रोगनिदानाला त्याची गरज नव्हती, पण डॉक्टरांची परवानगी घेऊन मी एक काच तशी रंगवली. निरोग्या कडेला नळ्या ओळीत, अंतर राखून होत्या. बिघडलेल्या पेशींकडे जावं तशी गर्दी वाढत गेलेली. वेड्यावाकड्या, कुठं फुगलेल्या, कुठं सुताएवढ्या, सगळ्या एकाच दिशेला निघालेल्या. मी पुस्तकात हे चित्र पाहिलं होतं. पण ह्या वेळी मला ते मावशींचं भाबडं रक्त वाटलं, मदतीला धावत सुटलेलं.

कॅन्सर होता, पण लहान होता. ऑपरेशन सरकारी योजनेत झालं. मानेतल्या गाठी काढून तपासल्या, तिथवर काही पोचलं नव्हतं.

गालातल्या नव्या कातडीवर दाबपट्टी शिवून ठेवली होती. ती सोडायच्या दिवशी मी रजा काढून गेले. मावशींच्या नाकात नळी होती, बोलणं बंद. पट्टी निघाल्यावर त्यांनी डॉक्टरांची बाही धरून ओढली, स्वतःच्या गालाकडे बोट दाखवलं, मग कपाळावरच्या कुंकवाकडे. डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले.

"लाल झालं का, विचारतात," मी सांगितलं.

"गुलाबी झालंय. छान गुलाबी."

मावशींच्या भुवया वर गेल्या. लाल पुन्हा? मी कानाशी बसून सांगितलं. मांडीवरून काढलेली कातडी आधी पांढरीफटक असते, खालच्या ओलीवर कशीबशी तग धरून. तीही भुकेली असते, आणि खालची जखमही निरोप सोडत असते. मग गालातल्या नळ्यांचे कोंब तिच्यात शिरतात. शिरले की ती गुलाबी होते, म्हणजे जगली. तोच निरोप, तेच रक्त, फक्त ह्या वेळी निरोप खरा होता आणि काम झालं की थांबणार होता. मावशींनी डोळे मिटले आणि माझ्या हातावर दोनदा थोपटलं, बैलाला थोपटतात तसं.

घरी आल्यावर व्यायाम सुरू झाला. दातांमध्ये चपट्या लाकडी पट्ट्या धरायच्या आणि सवय होईल तशी एकेक वाढवायची. मावशी ओसरीत बसून हे करत आणि अब्बा भिंतीवरून पाहत. "बाई, आज किती मजले?" तोंडात पट्ट्या असल्यानं उत्तर देता येत नसे. अब्बांनी आयुष्यभराचं उट्टं त्या दोन महिन्यांत काढलं. मावशी हाताच्या खुणेनं सांगत की पट्ट्या निघू देत, मग पाहते.

पट्ट्या निघाल्या, बोलणं आलं, थोडं बोबडं पण पूर्ण टोमण्यांसकट. ठेचाही चिमूटभर चालू लागला. आवाज मात्र येईना. रुपालीनं मला फोनवर सांगितलं, "आत्याबाई दुपारी गोठ्यात एकट्याच जातात अन् चुचकारून पाह्यतात. नुसतं फस्स होते. मंग बाहेर येऊन उगाच मले शिव्या देतात." त्या काळात आलेले बैल त्यांनी रुपालीवर सोपवले. तिचा हात हलका होता, औषध बरोबर होतं. शांत बैलांचं जमून जाई. बाकीच्यांना चारचार माणसांनी धरावं लागे, आणि मावशी तेव्हा घरात जाऊन बसत.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना गरम पाण्यानं, तूप-हळदीनं शेकायचं आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. आमच्या आळीत पहिला खांदा सरस्वतीबाई शेकतात, मग बाकीचे आपापले. त्या वर्षी मी मुद्दाम घरी आले होते. मावशींनी आधीच जाहीर केलं होतं की पहिला खांदा रुपाली शेकेल.

निवृत्तीनं नवा गोऱ्हा आणला होता. देवळावर भोंगा लागलेला, आजूबाजूला गर्दी, शिंगांना नवा रंग. गोऱ्हा आधीच थरथरत होता. रुपालीनं पळसाचं पान कोमट तुपात बुडवून पुढं केलं, आणि त्यानं शिंग असं फिरवलं की पाण्याचं भगुलं उलटं होऊन अब्बांच्या पायजम्यावर गेलं. रुपाली मागं सरली. निवृत्तीनं वेसण ओढली तसा तो आणखीच उसळला.

"ओढू नको त्याले," मावशी ओसरीतून म्हणाल्या. कोणी ऐकलं नाही. त्या उठल्या, पायरी उतरल्या, निवृत्तीच्या हातावर चापट मारून त्यांनी वेसण सैल करायला लावली. गोऱ्ह्याच्या कानाजवळ गेल्या. जीभ डाव्या गालात वळवली. फस्स. पुन्हा फस्स. आळीतली माणसं आपापल्या बैलांकडे पाहू लागली.

मावशींनी तोंड मिटलं. गालात जीभ चाचपत राहिल्याचं बाहेरून दिसत होतं. मग त्यांनी मान किंचित कलती केली आणि जीभ उजव्या गालाला लावली. जन्मात ज्या गालानं त्यांनी हे काम केलं नव्हतं त्या गालातून एक आवाज निघाला. बारीक, कोरडा, चुक्चुक्.

"बाई," ओला पायजमा झटकत अब्बा म्हणाले, "हे तं पाल बोलली."

"पाल बोलली की गोष्ट खरी होते म्हनतात, रसूलभाऊ. गप राहा," मावशी म्हणाल्या आणि पुन्हा तसाच आवाज केला. सगळी आळी हसली. गोऱ्ह्यानं एक कान वळवला. तिसऱ्यांदा आवाज थोडा ओला झाला. चौथ्यांदा गोऱ्ह्यानं नाकातून लांब श्वास सोडला आणि मान खाली घातली.

मावशींनी रुपालीच्या हातातलं पान घेऊन त्याच्या खांद्यावर ठेवलं, दाबून, सावकाश. "आज आवतन घे, उद्या जेवाले ये," असं त्या बोबड्या शब्दांत त्याच्या कानात म्हणाल्या. मग मागं वळल्या.

"रुपाली, तू काऊन पाहून राह्यली? ये इकडं. जीभ उजव्या गालाले लाव. डाव्याचं मले बी आता येत नाई, दोघी सोबतच शिकू."

रुपालीनं आवाज केला तो त्याहून वाईट निघाला. मावशींना इतकं हसू आलं की पान हातातून सुटलं. मागं बैलांची रांग लागत आमच्या दारापर्यंत आली होती. रांगेला जागा व्हावी म्हणून अब्बांनी आपली ऐरण उचलून भिंतीला लावली आणि दुसरं भगुलं चुलीवर ठेवायला ते आत गेले.